सामूहिक आरोग्य विमा : सर्वांसाठी आरोग्यसेवेच्या वाटेवरील एक टप्पा

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी पहिल्याच वर्षी पाठ केलेले असतात. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चारही गुणसंपन्न असतील तर चिकित्सा सफल होते. मात्र रोगी या पादाच्या गुणांविषयी दोन संहितांमध्ये एक लक्षणीय फरक आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रोग्याचे गुण सांगताना स्मृती, वैद्याच्या आज्ञेप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपली लक्षणे नीट सांगता येणे या चार गोष्टींचा उल्लेख केला आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात रोग्याचा जो गुण सर्वप्रथम सांगितला तो म्हणजे ‘आढ्य’, अर्थात धनसंपन्न.

वाग्भटांच्या या एका शब्दात व्यवहाराचे कठोर सत्य आहे. वैद्य निष्णात आहे, औषध उत्तम आहे, शुश्रूषा करणारेही आहेत. परंतु रुग्णाजवळ पैसा नसेल तर चिकित्सा अर्ध्यावर थांबते, हे आपण चिकित्सालयात वारंवार पाहतो. आमवाताचा रुग्ण दोन महिने नियमित येतो, त्यास उपशय मिळू लागतो आणि तिसऱ्या महिन्यात तो दिसेनासा होतो. चौकशी केली असता औषधाला पैसे उरले नव्हते असे समजते. चरकाचार्यांनाही या सत्याची जाणीव होती. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात शोधनासाठी लागणाऱ्या संभाराची भली मोठी यादी दिल्यावर, दरिद्री माणसाकडे ही सर्व साधने नसतात आणि तरीही दारुण रोग त्याला सोडत नाहीत, असे ते स्पष्टपणे म्हणतात आणि त्याच्यासाठी साधनांविनाही उपचाराची मुभा देतात.

जो व्यक्तिशः आढ्य नाही, तो समूहाच्या बळावर आढ्य होऊ शकेल काय? सामूहिक आरोग्य विमा ही कल्पना या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते उत्तर कोठपर्यंत पुरते, कोठे अपुरे पडते आणि त्यात आपल्या वैद्यवर्गाचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संकल्पना

‘सार्वत्रिक आरोग्य संरक्षण’ याचा अर्थ असा की, प्रत्येक व्यक्तीला आवश्यक ती आरोग्यसेवा मिळावी आणि ती घेताना तिच्यावर आर्थिक आपत्ती ओढवू नये. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने या दिशेने जाण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत त्याचा समावेश केला. यासाठी पैसा उभा करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. कररूपाने गोळा झालेला शासकीय निधी, नोकरदारांच्या वेतनातून होणारी सक्तीची कपात, खाजगी विमा आणि रुग्णाने स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे, हे त्यांतील प्रमुख होत. शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार यांना ना वेतनपत्रक असते, ना खाजगी विम्याचा हप्ता परवडतो. अशा लोकांनी गाव, संघटना, बचत गट किंवा सहकारी संस्था यांच्या आधारे स्वेच्छेने एकत्र येऊन, नफ्याचा हेतू न ठेवता चालविलेला विमा म्हणजे सामूहिक आरोग्य विमा होय.

ग्रामीण भागात विम्याची कल्पना सांगताना नेहमी एक प्रश्न विचारला जातो : ‘वर्षभर आजारी पडलो नाही तर पैसे परत मिळणार का?’ हा प्रश्न भिशीच्या अनुभवातून आलेला आहे. भिशीत प्रत्येकाची पाळी येते आणि भरलेली रक्कम त्याला मिळते. विम्यात तसे नाही. तेथे बहुतेकांनी भरलेली रक्कम थोड्यांच्या उपयोगी पडते आणि ते थोडे कोण असतील हे वर्षाच्या आरंभी कोणालाच ठाऊक नसते. भिशी ही बचत आहे, विमा ही जोखमीची वाटणी आहे. हा भेद सभासदांना समजावून सांगणे हे अशा योजनेतील पहिले आणि सर्वांत अवघड काम असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक हजार लोकवस्तीच्या गावात वर्षाला तीस जण रुग्णालयात दाखल होतात आणि प्रत्येकाचा सरासरी खर्च दहा हजार रुपये येतो असे मानू. एकूण खर्च तीन लाख रुपये झाला. सर्व गाव सामील असेल तर माणशी ३०० रुपये आणि व्यवस्थापनाचे ५० रुपये मिळून ३५० रुपयांत काम भागते. आता त्याच गावातील केवळ चारशे जण सामील झाले, परंतु ज्यांना दाखल व्हावे लागले अशा तीस जणांपैकी वीस जण त्यांतच होते असे समजा. जमा होतील १,४०,००० रुपये आणि उपचारांवर खर्च होईल २,००,००० रुपये. व्यवस्थापनाचा खर्च न धरताही साठ हजारांची तूट आली. ती भरून काढण्यासाठी हप्ता वाढविला तर निरोगी माणसे आणखी बाहेर पडतात आणि तूट आणखी वाढते. ज्याला आजाराची शंका आहे तोच विमा घेतो, या प्रवृत्तीला विमाशास्त्रात ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. स्वेच्छेने चालणाऱ्या प्रत्येक लहान योजनेचे हे जन्मजात दुखणे आहे.

आपल्याकडील प्रयोग

महाराष्ट्राला या विषयात अभिमान वाटावा असा प्रयोग सेवाग्राम येथे झाला. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभापासून वर्धा जिल्ह्यातील परिसरातील गावांसाठी आरोग्य विमा राबविला. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. या योजनेत वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली जाई. सुगीच्या वेळी, म्हणजे घरात धान्य असते त्या काळात, ती गोळा होई. भूमिहीन मजुराने कमी आणि जमीनधारकाने जमिनीच्या प्रमाणात अधिक द्यावयाचे, असा नियम होता. गावातील सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबे सामील झाल्यावरच त्या गावाला योजना लागू होई. वर उल्लेखिलेल्या प्रतिकूल निवडीवर हा अत्यंत समर्पक उपाय होता, कारण केवळ आजारी घरांनाच सभासद होण्याची सोयच त्यात नव्हती. अनपेक्षित आजारात दाखल झाल्यास सभासदाला विनामूल्य उपचार मिळत. नेहमीचे बाळंतपण, मोतीबिंदू यांसारख्या आधी ठाऊक असणाऱ्या उपचारांसाठी मात्र खर्चाचा काही भाग रुग्णाने द्यावयाचा होता.

या प्रयोगाचा दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्वारीच्या वर्गणीतून रुग्णालयाच्या खर्चाचा अल्प भागच निघू शके. या संस्थेचा बहुतांश खर्च केंद्र व राज्य शासनाच्या अनुदानातून भागतो. म्हणजेच गावाच्या वर्गणीने हक्काची भावना, शिस्त आणि सहभाग निर्माण केला. उपचारांचा मुख्य भार मात्र सार्वजनिक निधीनेच वाहिला.

अहमदाबाद येथे श्रीमती इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ या असंघटित स्त्री कामगारांच्या संघटनेने १९९२ मध्ये विमा योजना सुरू केली. कर्जफेड थकण्याचे एक प्रमुख कारण घरातील आजारपण हे आहे, असे त्यांच्या सहकारी बँकेच्या अनुभवातून दिसून आले होते. त्याच वर्षी तामिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात गुडलूर येथे पणिया, कुरुंबा, काट्टुनायकन इत्यादी आदिवासी समाजांच्या संघटनेने ‘अकॉर्ड’ या संस्थेच्या साहाय्याने आपल्या सभासदांचा विमा उतरविण्यास आरंभ केला. तेथे आदिवासींचे स्वतःचे रुग्णालय होते. या दोन्ही योजनांचा तौलनिक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारपणाच्या खर्चाने कुटुंब आर्थिक संकटात सापडण्याचे प्रमाण दोन्ही योजनांनी साधारणपणे निम्म्यावर आणले, असे त्यात आढळले. तरीही रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या कुटुंबांपैकी गुडलूरमध्ये सुमारे ४ टक्के आणि ‘सेवा’मध्ये सुमारे २३ टक्के कुटुंबांवर असे संकट आलेच. भरपाईची कमाल मर्यादा लहान असणे, काही आजार वगळलेले असणे आणि महागड्या खाजगी रुग्णालयांवर अवलंबून राहावे लागणे, ही त्यामागील कारणे होती. गुडलूरचा रुग्ण आपल्याच रुग्णालयात जात असे आणि तेथे त्याला रोख पैसे भरावे लागत नसत. ‘सेवा’च्या सभासद स्त्रीला आधी पदरचे पैसे भरून नंतर कागदपत्रांसह भरपाई मागावी लागे. जिच्याकडे आधी भरण्यास पैसेच नाहीत तिच्यासाठी विमा असून नसल्यासारखा होतो, हे यावरून ध्यानी यावे.

कर्नाटकातील ‘यशस्विनी’ योजना आकाराने याहून पुष्कळ मोठी होती. डॉ. देवी शेट्टी यांच्या पुढाकाराने आणि राज्य शासनाच्या साहाय्याने २००३ मध्ये ती सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी कार्यान्वित झाली. माणशी महिना पाच रुपये, म्हणजे वर्षाला ६० रुपये, इतक्या अल्प हप्त्यात शस्त्रक्रियांची सोय करण्यात आली आणि पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोक सभासद झाले. पुढे २००५ च्या सुमारास हप्ता १२० रुपये होताच सभासदसंख्येत मोठी घट झाली. महिना दहा रुपयेसुद्धा कित्येक कुटुंबांना योजनेबाहेर ढकलण्यास पुरेसे ठरतात, हे येथे दिसून आले. २०१८ मध्ये राज्याच्या व्यापक योजनेत विलीन करून ही योजना बंद करण्यात आली होती. सहकारी सभासदांच्या मागणीनंतर २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

स्थानिक निधीच्या मर्यादा

या सर्व अनुभवांतून चार मर्यादा पुढे येतात. पहिली, प्रतिकूल निवडीची, वर आलीच आहे. दुसरी मर्यादा संख्येची. शंभर सभासदांच्या गटात वर्षाला सरासरी तीन रुग्ण दाखल होणार असतील, तर प्रत्यक्षात एखाद्या वर्षी एकही होणार नाही आणि एखाद्या वर्षी सात होतील. सात झाले तर निधी बुडतो. गट जितका मोठा तितका हा चढउतार सरासरीच्या मानाने लहान होत जातो.

तिसरी मर्यादा समजण्यास आपल्याला चरकसंहितेतील विमानस्थानाचा तिसरा अध्याय पुरेसा आहे. प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय भिन्न असूनही सर्व माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त का होतात, या प्रश्नाचे उत्तर देताना तेथे वायू, उदक, देश आणि काल यांच्या दुष्टीचे वर्णन आले आहे. विम्याचे सारे गणित ‘सगळे एकाच वेळी आजारी पडणार नाहीत’ या गृहीतकावर उभे असते. जनपदोद्ध्वंसात ते गृहीतकच कोसळते. एका गावाचा निधी त्या गावाला साथीतून किंवा दुष्काळातून वाचवू शकत नाही, कारण ज्या वर्षी सर्वांना पैसा हवा असतो त्याच वर्षी वर्गणी देण्यास कोणाजवळ काही नसते.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. गरिबांनीच गरिबांची जोखीम वाटून घ्यावयाची असेल तर निधी लहानच राहणार. अतिदरिद्री कुटुंब त्यात येऊच शकत नाही आणि ज्यांची भर पडली तर निधी समृद्ध होईल असे सधन लोक त्यात येत नाहीत. निरोग्याकडून रोग्याकडे पैसा वाहतो, परंतु श्रीमंताकडून गरिबाकडे वाहत नाही. आढ्यत्व वाटून घ्यावयाचे तर समूहात काही आढ्य माणसेही असावी लागतात.

अन्य देशांनी ही वाट कशी ओलांडली

या मर्यादा केवळ भारतापुरत्या नाहीत. काही देशांनी स्थानिक निधीपासून आरंभ करून त्या ओलांडल्या, म्हणून त्यांचा मार्ग पाहणे उपयुक्त ठरेल.

जपानमध्ये फुकुओका प्रांतातील काही खेड्यांत गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तांदूळ देऊन गावच्या वैद्याचा निर्वाह चालविण्याची ‘जोरेई’ नावाची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून होती. सेवाग्रामच्या ज्वारीची ही जणू थोरली बहीण. १९३८ च्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्याने शेतकरी व मच्छीमारांसाठी गावोगावी विमा संघ स्थापण्यास प्रोत्साहन दिले. त्या वेळी ते ऐच्छिक होते. १९५८ मध्ये नवा कायदा होऊन प्रत्येक नगर व ग्राम प्रशासनावर विम्याची जबाबदारी टाकण्यात आली आणि एप्रिल १९६१ पर्यंत सर्व नागरिक विम्याच्या कक्षेत आले. स्वेच्छेकडून सक्तीकडे आणि वर्गणीकडून शासकीय साहाय्याकडे असा हा प्रवास होता.

चीनचा अनुभव उलट्या बाजूने बोध करणारा आहे. १९७० च्या दशकात तेथील सुमारे नव्वद टक्के खेड्यांत सहकारी वैद्यक योजना होती. शेती समूहाच्या उत्पन्नातून निधी उभा राही आणि ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून ओळखले जाणारे ग्रामीण आरोग्यसेवक आधुनिक औषधांबरोबर स्थानिक वनौषधी व सूचिवेध यांचाही उपयोग करीत. १९८० नंतर सामूहिक शेती संपुष्टात येताच या योजनेचा आधारच निखळला आणि त्या दशकाच्या मध्यास ती सुमारे पाच टक्के खेड्यांत उरली. २००३ मध्ये शासनाने नवी योजना सुरू केली. तीत सभासदाच्या दहा युआनमध्ये केंद्र आणि स्थानिक शासन प्रत्येकी दहा युआनची भर घालीत असे. काही वर्षांतच नव्वद टक्क्यांहून अधिक ग्रामीण लोक पुन्हा विम्यात आले. म्हणजे तेथे लोकांची इच्छा संपलेली नव्हती, निधीचा आधार संपला होता.

आफ्रिकेतील रवांडा हा १९९४ च्या भीषण नरसंहारातून उठलेला अत्यंत गरीब देश. १९९९ मध्ये तेथे तीन जिल्ह्यांत सामूहिक विम्याचा प्रयोग झाला. २००३ मध्ये केवळ ७ टक्के लोक सभासद होते. २०१० पर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. दरम्यानच्या काळात तीन गोष्टी घडल्या. कायद्याने विमा सर्वांना बंधनकारक झाला. अतिगरिबांची वर्गणी शासन व परदेशी साहाय्यातून भरली जाऊ लागली. स्थानिक निधी जिल्हा आणि राष्ट्रीय निधीला जोडले गेले. पुढे २०११ पासून सर्वांना एकच वर्गणी न ठेवता कुटुंबाची ऐपत गावसभेत ठरवून तिच्या तीन श्रेणी करण्यात आल्या. २०१५ मध्ये सारा कारभार राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा मंडळाकडे गेला. थायलंडने १९८३ पासून ऐच्छिक आरोग्यपत्राची योजना चालवून पाहिली आणि शेवटी २००१-०२ मध्ये ती बाजूस सारून करांतून चालणारी सर्वांसाठीची योजना स्वीकारली. त्या योजनेच्या लाभांत थाई पारंपरिक वैद्यकाचाही अंतर्भाव आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची.

या चारही उदाहरणांचा निष्कर्ष एकच आहे. केवळ ऐच्छिक वर्गणीवर कोणताही देश सर्वांपर्यंत पोहोचला नाही. सामूहिक विमा हा टप्पा आहे, मुक्काम नव्हे.

भारताची आजची स्थिती आणि राहिलेली पोकळी

आपल्या देशाने २००८ नंतर दुसरी वाट धरली. त्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबाला ३० रुपये नोंदणी शुल्कात वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळत. हप्ता शासन भरीत असे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आरंभ झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ पासून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला.

प्रगती निश्चितच आहे. परंतु या योजनांचे स्वरूप पाहिले असता एक मोठी पोकळी दिसते. त्या प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहेत. मधुमेह, श्वास, आमवात, ग्रहणी, त्वचाविकार यांचा रुग्ण क्वचितच दाखल होतो. तो महिनोन्‌महिने बाह्यरुग्ण विभागात येतो आणि त्याचा खर्च थेंबाथेंबाने होत राहतो. त्यातही औषधांवरील खर्चाचा वाटा सर्वांत मोठा असतो, असे राष्ट्रीय नमुना पाहणीतून दिसून आले आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर विमा मदतीला येतो. ते निकामी होऊ नये म्हणून दहा वर्षे चालणाऱ्या औषधोपचाराला आणि पथ्यपालनाला त्यात फारसे स्थान नाही. व्याधीच्या संचय-प्रकोपाच्या अवस्थेतच उपाय करावा असे शिकविणाऱ्या शास्त्राच्या दृष्टीने ही रचना भेदावस्थेची वाट पाहणारी आहे.

ही पोकळी करांतून भरून काढण्याचा मार्ग म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवा बळकट करणे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य व कल्याण केंद्रांत होऊ लागले. २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. महाराष्ट्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून त्यांत काम करणाऱ्यांमध्ये आपले बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. तेथे औषधे नियमित मिळाली तर बाह्यरुग्णाच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका होईल.

वैद्यवर्गाने काय करावे

विम्याच्या जगात आयुर्वेदाला स्थान मिळण्यास उशीर झाला, परंतु दार आता उघडले आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने लेखणारे धोरण विमा कंपन्यांनी स्वीकारावयाचे आहे. या दारातून आत जाण्याच्या अटी मात्र आपणच पूर्ण करावयाच्या आहेत. शासकीय वा महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालये सोडता, विम्याच्या व्याख्येत बसण्यासाठी आयुष रुग्णालयात किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र वैद्य, उपचारकक्ष आणि रोजच्या नोंदी असणे आवश्यक आहे. ‘पंचकर्म केले’ एवढ्या नोंदीवर कोणताही विमा चालत नाही. निदान, अवस्था, योजलेले कर्म, दिवस, मात्रा, परिणाम हे सर्व लिहिलेले हवे. विश्रांतीसाठी घेतलेले अभ्यंग आणि पक्षाघातातील बस्तिचिकित्सा यांतील भेद आपल्याच कागदपत्रांत दिसला नाही, तर तो विमा कंपनीला दिसण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

सामूहिक स्तरावर आपल्या तालुका शाखांना पुढील कामे करता येतील. पहिले, बचत गट, दूध संस्था, ग्रामपंचायत यांच्याशी चर्चा करून दीर्घकालीन व्याधींसाठी तपासणी व औषधांचे निश्चित, जाहीर दर ठरविणे. दुसरे, गटांनी आपल्या बचतीतून स्वतंत्र औषधनिधी ठेवावा यासाठी मार्गदर्शन करणे. येथे सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. परवान्याविना हप्ते गोळा करून जोखीम पत्करणे हा कायद्याने विम्याचा व्यवसाय ठरतो आणि १९९९ च्या कायद्याने विमा कंपनीसाठी किमान शंभर कोटी रुपये भांडवलाची अट घातली. म्हणून निधी गटाच्याच नावे व गटाच्याच ताब्यात असावा, वैद्याने त्यातून केवळ ठरलेले शुल्क घ्यावे. प्रत्यक्ष विमा उतरवावयाचा असेल तर २००५ पासून नियमांत असलेल्या सूक्ष्म विम्याच्या मार्गाने परवानाधारक कंपनीमार्फतच तो उतरवावा. तिसरे, आपल्या रुग्णांना शासकीय योजनांचे कार्ड मिळाले आहे काय हे विचारणे आणि नसल्यास ते कोठे मिळेल हे सांगणे. या कामाला एक पैसाही लागत नाही.

चौथे काम मात्र संघटनेने एकमुखाने करावयाचे आहे. बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे यांचा शासकीय योजनांत समावेश व्हावा, त्यांत आयुर्वेदाची परिणामकारक व अल्पमोलाची औषधे असावीत, आणि रवांडाप्रमाणे ऐपत पाहून वर्गणी व अतिगरिबांसाठी शासकीय भरणा असावा, ही मागणी आकडेवारीसह मांडली पाहिजे. ती आकडेवारी आपल्या चिकित्सालयांतूनच निघेल. किती रुग्णांनी उपचार अर्ध्यावर सोडले, कोणत्या व्याधीत सोडले, महिन्याचा औषधखर्च किती होता, एवढ्या तीन गोष्टी शंभर वैद्यांनी वर्षभर नोंदविल्या तरी शासनापुढे ठेवण्याजोगा पुरावा उभा राहील.

वाग्भटांनी रोग्याच्या गुणांत आढ्यत्व सांगितले ते वस्तुस्थितीचे वर्णन होते. ती वस्तुस्थिती बदलणे एकट्या वैद्याच्या हाती नाही, तशी ती एकट्या गावाच्याही हाती नाही. गावाने सहभाग आणि देखरेख द्यावी, शासनाने निधी आणि कायद्याचा आधार द्यावा, आणि वैद्याने प्रामाणिक नोंद व वाजवी दर द्यावेत, तरच चतुष्पादातील चौथा पाद धनाअभावी लंगडा राहणार नाही.